दुसऱ्या राज्यातून नागपुरात येताय? फ्लॅट नंतर, आधी गल्ली बघा

रायपूर, इंदूर, हैदराबाद किंवा बंगळुरूहून बदली होऊन नागपुरात येणारं कुटुंब सहसा दोनच गोष्टी विचारतं: ऑफिस किती लांब आणि टू बीएचकेचा किराया किती? प्रश्न रास्त आहेत, पण नागपुरात ते दुसऱ्या नंबरचे आहेत. मोठ्या महानगरांतून येणाऱ्यांना इथली अंतरं फारशी जाणवत नाहीत. एका वस्तीतलं जगणं दुसरीपेक्षा सोपं किंवा अवघड ठरतं ते वेगळ्याच गोष्टींनी. गल्लीत महापालिकेचा नळ आहे का, गडर लाइन (सांडपाण्याची लाइन) जोडलेली आहे का, सिमेंटचा रस्ता घराच्या वर चढलाय का, आणि पश्चिमेची भिंत तुमच्या वाट्याला येतेय का. पुढचं सगळं परीक्षण याच कसोटीवर केलेलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. पहिलं वर्ष किरायानं राहा आणि तेही जुन्या, भरलेल्या वस्तीत. फ्लॅट थोडा लहान मिळाला तरी चालेल. शहराबाहेरच्या नव्या स्कीममधला (इथे फ्लॅटच्या इमारतीला स्कीम म्हणतात) मोठा हॉल आणि मोड्युलर किचन पाहून आल्या आल्या घर विकत घेऊ नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय नागपुरातली वस्ती कळत नाही.

वस्त्या, एकेक करून

नव्यानं येणाऱ्या कुटुंबाला आम्ही पहिल्यांदा प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला, लक्ष्मीनगर आणि बजाजनगर हा पट्टा सुचवतो. इथे नळ आणि गडर दोन्ही आहेत. किराणा, डॉक्टर, औषधांचं दुकान, दूधवाला, इस्त्रीवाला सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. मेट्रोची अॅक्वा लाइन सुभाषनगर, रचना रिंग रोड जंक्शन आणि वासुदेवनगरवरून जाते, तर खामल्याच्या लोकांना वर्धा रोडवरची ऑरेंज लाइन धरता येते. दोन्ही लाइन सीताबर्डीला मिळतात, त्यामुळे तुमची स्वतःची गाडी जुन्या शहरातून यायला उशीर झाला तरी पहिले महिने अडत नाही. खोट दोन ठिकाणी आहे. बऱ्याच स्कीम जुन्या आहेत, लिफ्ट नसते आणि पार्किंग एकाच गाडीचं असतं. आजी-आजोबा सोबत असतील तर तळमजला किंवा पहिलाच मजला मागावा लागतो आणि तो लवकर हाती लागत नाही.

मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, काम असणारे थेट वर्धा रोडकडे वळतात. जयप्रकाशनगर, सोमलवाडा, छत्रपतीनगर हे त्यातले चांगले पर्याय, फक्त किराया चढा. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल 2020 मध्ये सुरू झाल्यापासून विमानतळाकडे जाणं सोपं झालंय. एक गोष्ट मात्र नकाशात दिसत नाही. ऑरेंज लाइन खापरीला संपते आणि मिहानमधल्या कंपन्या तिथून पुढे आत आहेत. 'मेट्रोनं ऑफिसला जाईन' असं ठरवून घर घेणार असाल, तर खापरीपासून गेटपर्यंत कंपनीची बस आहे का आणि रात्रीच्या शिफ्टनंतर ती मिळते का, हे एचआरकडून लेखी विचारून घ्या. एम्स मिहानमध्ये असल्यामुळे ज्यांच्या घरी नियमित उपचार सुरू आहेत त्यांना मात्र या बाजूचा मोठा फायदा आहे.

मनीषनगर रेल्वे लाइनच्या पलीकडे आहे आणि तिथलं रोजचं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती फिरतं. पूल आणि अंडरपास झाल्यापासून पूर्वीइतका त्रास राहिलेला नाही, पण शाळेच्या आणि ऑफिसच्या वेळेला तिथे गर्दी तुंबतेच. जवळच्या नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली जोराच्या पावसात पाणी साचतं. घर पुलाच्या एका बाजूला आणि मुलांची शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये स्कूल बस कुठून वळवून आणतात हे शाळेला आधी विचारून ठेवा.

बेसा, पिपळा आणि बेलतरोडी या भागावर जरा थांबून बोलायला हवं, कारण बाहेरून येणारे बहुतेक जण ऑनलाइन फोटो पाहून इथेच येतात. फ्लॅट मोठे, नवे, हवेशीर, किराया कमी. कमी का, तर या भागाचा बराचसा हिस्सा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. बेसा-पिपळ्याला नगरपंचायत आहे आणि बांधकाम परवानग्या महानगर क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएमआरडीएकडे. पाणी, गडर आणि रस्ते इमारतींच्या मागून येतात. अनेक स्कीम बोअरवर चालतात, एप्रिल-मेमध्ये बोअर खाली जाते आणि टँकर सुरू होतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये पडतो. किरायाच्या पाटीवर तो कुठेच लिहिलेला नसतो. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं आणि टँक वेळेवर उपसला नाही तर पावसाळ्यात तो पार्किंगमध्ये वर येतो. हा भाग टाळाच, असं आमचं म्हणणं नाही. चांगल्या स्कीम इथेही आहेत. पण इथे घर पाहताना फ्लॅटमध्ये दहा मिनिटं घालवलीत तर मोटरघर आणि सेप्टिक टँकपाशी वीस मिनिटं घालवा.

हुडकेश्वर, मानेवाडा, म्हाळगीनगर या बाजूला मराठी मध्यमवर्गीय वस्ती दाट आहे. स्वतंत्र घराचा वरचा मजला किरायानं मिळतो, घरमालक खालीच राहतात आणि लहान मुलं असणाऱ्यांना त्याचा आधार होतो. एक पाहून घ्या: लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वस्ती, कोणता. परवानगीशिवाय पाडलेले, पण नागपुरात गुंठेवारी कायद्याखाली पुढे नियमित झालेले शेकडो लेआउट आहेत. ज्या लेआउटचं डेव्हलपमेंट पूर्ण झालं तिथे रस्ता आणि गडर आहे, शेजारच्याच लेआउटमध्ये मुरूम आणि खड्डे असू शकतात. दोन गल्ल्यांत इतका फरक पडतो.

धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर ही शहराची सगळ्यात सोयीची बाजू. गोकुळपेठेचा भाजीबाजार, शाळा, दवाखाने, लायब्ररी, मेट्रो सगळं जवळ. किराया परवडत असेल तर तक्रारीला जागा फारशी नाही, एक सोडून. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घरांमध्ये शिरलं. तळमजल्यांवरचं सामान आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यामुळे नाग नदीच्या काठच्या गल्ल्यांमध्ये तळमजला किंवा तळघरातलं पार्किंग घेऊ नका, घर कितीही देखणं असलं तरी. कंपाउंडच्या भिंतीवर रंगाखाली पाण्याची आडवी रेघ दिसते का ते निरखून पाहा, आणि गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी ठेवू नका. धंतोलीत दवाखाने इतके आहेत की घराच्या गेटसमोर दिवसभर रुग्णांच्या गाड्या उभ्या असतात. ज्यांना रोज गाडी काढायची आहे त्यांनी तिथे दुपारी बारा वाजता जाऊन एकदा पाहावं.

सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सला झाडी दाट, उन्हाळ्यात फरक जाणवतो, पण किरायाची घरं कमी निघतात. काटोल रोड, फ्रेंड्स कॉलनी, गोरेवाडा ही बाजू शाळांसाठी चांगली. मानकापूर आणि झिंगाबाई टाकळी कोराडी रोडला लागून आहेत. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरी असणाऱ्यांना सोयीच्या, पण दम्याचा रुग्ण घरात असेल तर कोराडीच्या जितकं जवळ जाल तितका विचार करा. जरीपटक्यात सिंधी समाज मोठा आहे आणि बाजार गजबजलेला.

पूर्व नागपुरात वर्धमाननगर आणि सेंट्रल अॅव्हेन्यूच्या आसपास व्यापारी कुटुंबांची वस्ती, मेट्रो दारात. नंदनवन, वाठोडा या बाजूला घर पाहताना भांडेवाडीचा कचरा डेपो लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तिथे कचऱ्याला आगी लागतात, आणि वारा तुमच्याकडे आला की खिडक्या बंद कराव्या लागतात. संध्याकाळी जाऊन उभं राहिलं की वासावरून अंतर कळतं. हिंगणा रोडला एमआयडीसीत नोकरी असेल तर लोकमान्यनगर मेट्रोच्या आसपासचं घर उत्तम. वाडीत ट्रकांची आणि गोदामांची वर्दळ आहे, लहान मुलं सायकल चालवणार असतील तर आम्ही वाडी सुचवत नाही.

फ्लॅटमध्ये शिरल्यावर

घर पाहायला दुपारी चार ते पाच या वेळेत जा, सकाळी नको. नागपूरचा मे महिना 45 अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत दुपारभर तापून रात्री अकरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहते. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर आतून तळहात ठेवा. एप्रिलमध्येच ती गरम लागत असेल तर नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) त्या खोलीत मुलं झोपणार नाहीत. सर्वात वरच्या मजल्याचा किराया थोडा कमी सांगतात तो स्लॅबमुळे. गच्चीवर जाऊन पांढरा उष्णतारोधक रंग मारलाय का पाहा, नसेल तर किरायात तेवढी घासाघीस करा किंवा खालचा मजला घ्या.

मुंबई-चेन्नईकडून येणारे कूलर मनावर घेत नाहीत. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात तो एसीपेक्षा स्वस्तात अख्खं घर थंड ठेवतो, जूनच्या मध्यात पाऊस आला की मात्र हवा दमट होते आणि त्याचा उपयोग संपतो. म्हणून घर बघताना खिडकीबाहेर कूलरचं लोखंडी स्टँड बसेल का, बाल्कनीत नळ आणि पाणी बाहेर जायला पाइप आहे का, हे पाहा. कूलर दिवसाला कित्येक बादल्या पाणी पितो. टँकरच्या स्कीममध्ये कूलरला पाणी भरू देतात का, हाही विचारण्याचा प्रश्न आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेला बोर्ड एकत्र आले की असं घडतं. मीटरजवळच्या डीबीमध्ये (स्विचच्या मुख्य पेटीत) आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का पाहा. त्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबल्याबरोबर घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही, किंवा आरसीसीबीच नसेल, तर सामान आणण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावून ते बसवून घ्या आणि प्रत्येक तीन पिनी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. खर्च घरमालकाकडून मागा. त्यांनी नाही दिला तरी स्वतः करा. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा, हे आल्याच्या पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांना आणि कामवाल्या ताईंनाही सांगून ठेवा.

विजेचं मागच्या मे महिन्याचं बिल मागा. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, महावितरणच्या साइटवर टाकला की थकबाकी कळते. मंजूर भार किती किलोवॅटचा आहे तेही बिलावर असतं. जुन्या घरात तो एक-दोन किलोवॅटच निघतो, आणि दोन एसी लावायचे असतील तर घरमालकाकडून वाढवून घ्यावा लागतो.

पाण्यासाठी नळाचं तोंड बघा. बाथरूमच्या नळावर, शॉवरच्या जाळीवर पांढरा खडबडीत थर असेल तर घरात बोअरचं जड पाणी येतंय. गिझरची कॉइल लवकर जाते, डाळ शिजायला वेळ लागतो, केसांची तक्रार सुरू होते. महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं. स्कीममध्ये ते आधी संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पडतं आणि मग मोटरनं वर चढतं. संप किती लिटरचा, मोटर किती वेळा चालवतात, वीज गेली तर वरची टाकी किती तास पुरते, हे मोटर चालवणाऱ्याला विचारा. नागपुरात आठ-बारा फ्लॅटच्या छोट्या स्कीम पुष्कळ आहेत, तिथे नीट सोसायटी नसते आणि सगळा कारभार एखाद्या काकांच्या अंगावर असतो. ते काका तुम्हाला दलालापेक्षा खरं सांगतील. समोरच्या घरातल्या काकूंनाही एकच विचारा: "काकू, मे महिन्यात टँकर किती येतात?" नळाला पाणी किती वेळ येतं, असं विचारलं तर ठीक आहे असंच उत्तर मिळतं. टँकरचा आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो.

शेवटी गेटबाहेर उभं राहून रस्त्याची पातळी पाहा. नागपुरात सिमेंटचे रस्ते जुन्या डांबरी रस्त्यावरच चढवले गेले आणि कित्येक घरं रस्त्याच्या खाली गेली. गेटच्या आतली फरशी रस्त्यापेक्षा वीतभर जरी खाली असेल, तर जोराच्या सरीत पाणी पार्किंगमध्ये येतं. दुचाकीच्या सायलेन्सरची उंची डोक्यात ठेवून अंदाज घ्या.

करारनामा आणि पैसे

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे किरायाचा करारनामा, लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. दुसऱ्या राज्यात नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या नोटरीनं भागत असेल, इथे त्यावर राहू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं दहा टक्के वार्षिक व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. समजा किराया 18,000 आणि डिपॉझिट 50,000, तर अकरा महिन्यांसाठी शुल्क पाचशेच्या थोडं वर जातं. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे ऑनलाइन होतं, एजंट घरी मशीन घेऊन येतात, त्यांचा मेहनताना वेगळा. हाच करार पुढे गॅस, आधारवरचा पत्ता, बँक आणि शाळेला लागतो, म्हणून सगळ्या प्रौढांची नावं त्यात घाला. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तीही घरमालकाला आठवण करून द्या.

डिपॉझिट इथे सहसा दोन-तीन महिन्यांच्या किरायाएवढं असतं. जास्त मागितलं तर खुशाल नकार द्या. घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती, हे करारातच आकड्यात लिहून घ्या. भांडणं बहुतेक यावरच होतात.

मुलांचं वय आणि इयत्ता

इथे चुकलं तर दुरुस्त करता येत नाही. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण, अशी मोजणी आहे. तुमच्या राज्यात दुसरी तारीख असेल तर मूल एखादं वर्ष मागे-पुढे होऊ शकतं. सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. स्टेट बोर्डाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरात मराठी असली तरी बाहेरच्या राज्यात वाढलेल्या मुलांचं लिहिणं कच्चं असतं, त्यांना सुट्टीतच बाराखडीला बसवा.

आणि मूल आठवी-नववीत असेल तर बदलीची तारीख जपून ठरवा. राज्याच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. दहावी जुन्या राज्यात उरकून मग येऊ, हा विचार बऱ्याच घरांत होतो आणि त्याची किंमत दोन वर्षांनी कळते. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली झालेल्यांना काही सवलती आहेत, त्यासाठी प्रवेशाच्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

गाडीचं काम घर लागल्यावर हातात घ्या, पण विसरू नका. जुन्या आरटीओकडून फॉर्म 28 वर एनओसी, मग इथे बारा महिन्यांच्या आत फॉर्म 27 भरून नवा नंबर. रस्ता कर महाराष्ट्रात नव्यानं भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. कोणतं ऑफिस हे पत्त्यावर ठरतं: शहरासाठी एमएच 31, पूर्व नागपूरसाठी एमएच 49, ग्रामीणसाठी एमएच 40. बेसा आणि मनीषनगर शेजारी शेजारी असले तरी तुमचा करारनामा कोणत्या हद्दीचा पत्ता दाखवतो, हे अर्ज भरण्याआधी तपासा, नाहीतर एका ऑफिसातून दुसऱ्याकडे पाठवतात. नोकरी सतत बदलीची असेल आणि तुम्ही पात्र असाल, तर पुढची गाडी बीएच सिरीजमध्ये (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) घ्या.